नाव छापणं आणि माप ठेवणं
बाटलीवर गिऱ्हाइकाचं नाव छापलं की ते गिऱ्हाईक कायमचं आपलं, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. कोका-कोलाने २०११ साली ऑस्ट्रेलियात १५० प्रचलित नावं बाटल्यांवर छापली. आपलं नाव सापडल्याची गंमत खरी, पण बाटली संपली की तीही संपली. नायकीने १९९९ पासून बुटाचे रंग ऑनलाइन स्वतः निवडायची सोय दिली, ते जास्त चिवट. तासभर रंग जुळवत बसलं की बूट यायच्या आधीच आपला वाटायला लागतो.

आमच्या शिंप्याच्या वहीत माझ्या मापांपुढे पेन्सिलीने लिहिलंय, ‘डावा खांदा उतरता’. शिलाई दोनदा वाढवली त्याने, वर दिवाळीत हमखास उशीर. तरी दुसरीकडे जाऊन खांद्याचं पुराण पुन्हा कोण सांगणार?