उजव्या गुडघ्याच्या बाहेरून कळ, दर वेळी सहा-सात किलोमीटरनंतरच. एमआरआय करू का?

पहाटेची_परळकर

नमस्कार मंडळी. मी लोअर परळला राहते, वय ४१, बँकेत नोकरी. जानेवारीच्या हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. पावसाळाभर आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर पळत होते, बहुतेक शिवाजी पार्कला. गणपती झाल्यावर रविवारचा लाँग रन वाढवला आणि ग्रुपबरोबर पेडर रोडचे चढ-उतारही सुरू केले.

आता होतंय असं की निघताना काहीच नसतं. पहिले पाच किलोमीटर मस्त जातात. वरळी सी फेसवरून परतताना, सहा-सातच्या दरम्यान, उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागतं आणि पुढच्या पाचशे मीटरमध्ये अशी कळ येते की पाय टेकवत नाही. थांबले की दोन मिनिटांत गायब. चालत घरी येते, काही होत नाही. पुन्हा पळायला लागले की लगेच हजर. सूज नाही, पडले-बिडले नाही. जिना चढताना ठीक, उतरताना त्रास. दादरचा पूल उतरताना कठडा धरावा लागतो आणि सकाळच्या गर्दीत मागची माणसं वैतागतात.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे नॉर्मल आला. ‘चाळिशीनंतर गुडघे झिजतात, पळणं सोडा, चाला’ एवढंच सांगितलं. पंधरा-वीस दिवस पूर्ण बंद ठेवलं, दुखणं गेलं. मग पळाले तर जवळजवळ त्याच दिव्याच्या खांबापाशी पुन्हा सुरू. घरी सासूबाई रोज म्हणतात, ‘बाई गं, गुडघे एकदाच मिळतात.’ त्यांची काळजी मला कळते, पण पळणं सोडायचं या विचारानंच रडू येतं.

एमआरआय करून घेऊ का? आणि जानेवारीत उभी राहू शकेन का?

मुलुंडकर

मला अगदी हेच झालं होतं. आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा. बर्फ लावा आणि फोम रोलरने बाहेरची बाजू रोज दाबून काढा. जोर लावून. दुखेल, पण सुटेल. बूट किती जुने आहेत तेही बघा.

गिरगावची_फिजिओ

परळकर ताई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की निम्मं निदान त्यातच झालं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ऑक्टोबर लागला की माझ्याकडे या तक्रारीची रांग लागते. पावसाळा संपतो, जानेवारी दिसायला लागतो आणि सगळ्यांचे किलोमीटर एकदम वाढतात.

तुमच्या वर्णनातल्या चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात: जागा बाहेरची, दुखणं ठरावीक अंतरानंतर सुरू, थांबलं की बंद, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त. झिजेचं दुखणं असं वागत नाही. झिजलेला गुडघा बहुधा सकाळी उठल्यावर आखडलेला असतो, पहिली पावलं जड जातात. तुमची पहिली पाच किलोमीटर मस्त जातात.

बहुतेक हा इलिओटिबियल बँडचा, म्हणजे मुलुंडकर म्हणाले त्या आयटी बँडचाच त्रास आहे. कमरेच्या हाडाच्या कडेपासून मांडीच्या बाहेरून खाली उतरणारा, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरून चिकटणारा हा जाड, चिवट पट्टा. गुडघा साधारण ३० अंशात वाकलेला असताना तो मांडीच्या हाडाच्या खालच्या उंचवट्यावर दाबला जातो. पट्टा हाडावर मागे-पुढे घासतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००६ साली शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवलं की तो मांडीच्या हाडाला तंतूंनी बांधलेला असतो, त्याला असं सरकताच येत नाही. त्याच्याखाली चरबीचा, भरपूर मज्जातंतू असलेला एक थर असतो. तो चेपला जातो आणि तोच ओरडतो.

म्हणून मुलुंडकर, तुमचं निदान पटलं, उपाय मात्र नाही. जिथे चेपल्यामुळे दुखतंय तिथेच रोलरने आणखी चेपायचं कशाला? आणि हा पट्टा इतका चिवट असतो की रोलरने तो लांब होत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, कुल्ल्यावर रोलर जरूर फिरवा, बरं वाटतं. गुडघ्याच्या बाहेरच्या दुखऱ्या जागेवर नको.

ताई, घरी एक तपासणी करून बघा. पाठीवर झोपा, उजवा गुडघा काटकोनात वाकवा. घरातल्या कुणाला तरी सांधा जिथे जुळतो त्या रेषेच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर अंगठा दाबून धरायला सांगा आणि पाय हळूहळू सरळ करा. सरळ व्हायला थोडं बाकी असताना अगदी तुमचीच ती ओळखीची कळ आली, तर माझा संशय पक्का. दुसरं: आरशासमोर उजव्या पायावर उभ्या राहा आणि थोडंसं बसल्यासारखं वाका. डावीकडची कंबर खाली पडते का, गुडघा आत वळतो का, ते बघा आणि इथे लिहा.

एमआरआयची आत्ता गरज वाटत नाही. हे निदान हातानेच होतं. शिवाय चाळिशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये काही ना काही लिहून येतंच. त्यातल्या कित्येक गोष्टींचा दुखण्याशी संबंध नसतो आणि माणूस विनाकारण घाबरतो.

सासूबाईंना एक सांगा. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के निघालं आणि न पळणाऱ्या, बैठं काम करणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत ते १३.३ टक्के होतं, तेही लपवत नाही. पण तुम्ही-आम्ही हौशी मंडळी.

बोरिवली_ईस्ट

थोडं वेगळं दुखणं, पण वाचणाऱ्यांना फरक कळावा म्हणून लिहितो. मी नॅशनल पार्कात पळतो, कान्हेरीपर्यंत चढून उतरायचं. माझं पुढून दुखायचं, वाटीच्या मागे. कळ अशी नाही, एक बोथट ठणका. उतारावर वाढायचाच, पण सर्वात वाईट म्हणजे ऑफिसात तासभर बसून उठताना, नाहीतर सिनेमाला मधल्या खुर्चीत अडकलो की. पाय लांब करायला जागा हवीच.

माझ्या फिजिओने विचारलं, कुठे दुखतं? मी अख्खा तळहात वाटीवर ठेवला. त्या म्हणाल्या, बाहेरच्या पट्ट्याचं दुखणं असलेला माणूस एक बोट ठेवतो, वाटीच्या दुखण्याचा माणूस हात ठेवतो. माझा इलाज मांडीचे पुढचे स्नायू आणि खुबा दोन्ही बळकट करणं हा होता, आणि तोवर कान्हेरीचा उतार बंद. चढायचो, आणि उतरताना चालत यायचो. पळणं पूर्ण बंद कधीच केलं नाही.

पहाटेची_परळकर

खूप खूप आभार. काल रात्री नवऱ्याला अंगठा दाबायला लावला. पाय सरळ होत आला आणि मी किंचाळले, तीच कळ. बोरिवलीकर, मीही एकच बोट ठेवते. आरशातलं मात्र बघून वाईट वाटलं. डाव्या पायावर सगळं सरळ राहतं. उजव्यावर वाकले की गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत जातो आणि कंबर कलते.

आणखी एक. एका मैत्रिणीने इंजेक्शन घेतलं होतं आणि रेस पळाली. तेही विचारते. आणि दुखत नाही तोवर, म्हणजे पाच किलोमीटर, रोज पळत राहू का?

गिरगावची_फिजिओ

मग आता कामाला लागू.

विश्रांतीने दुखणं जातं आणि पळायला लागलं की परत येतं, याचं कारण तुमच्या आरशात दिसलं. विश्रांतीने चेपलेला भाग शांत झाला, पण खुब्याच्या बाजूचा स्नायू जिथल्या तिथे राहिला. एका पायावर वजन आलं की कंबर पडू न देणं हे त्याचं काम, आणि पळणं म्हणजे प्रत्येक पाऊल एका पायावर. ताजा असताना तो निभावतो, सहाव्या किलोमीटरला थकतो. गुडघा आत जातो, पट्टा ताणला जातो. कळ गुडघ्यात येते, काम खुब्यात करायचं.

स्टॅनफर्डच्या मंडळींनी २००० साली हा त्रास असलेल्या २४ धावपटूंकडून सहा आठवडे खुब्याचा व्यायाम करून घेतला. त्यातले २२ जण दुखण्याशिवाय पुन्हा पळायला लागले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबत नाही, पण माझ्या टेबलावर जे बघते ते याच्याशी जुळतं. दोनच मुख्य व्यायाम होते आणि मी आजही तेच देते.

पहिला: डाव्या कुशीवर झोपा, पाठ आणि कुल्ले भिंतीला टेकवून. उजवा पाय सरळ, टाच भिंतीला लागलेली, आणि ती भिंतीवरून घासत पाय वर न्या. चवडा छताकडे वळू द्यायचा नाही, जरासा जमिनीकडेच. इथेच सगळे चुकतात. चवडा वर वळला की मांडीचा पुढचा स्नायू काम पळवतो आणि खुबा आयता बसून राहतो. बरोबर करत असाल तर पँटच्या खिशाच्या थोडं मागे जळजळ होईल. वर नेऊन क्षणभर थांबा, उतरवताना घाई नको.

दुसरा: जिन्याच्या पायरीवर उजव्या पायावर उभं राहायचं, डावा पाय हवेत. उजवा गुडघा सरळ ठेवून डावी कंबर खाली सोडायची आणि उजव्या खुब्याच्या ताकदीने वर उचलायची. गुडघा वाकवून नाही. दोन्ही व्यायाम पंधरापासून सुरू करा, जमेल तसे तीसपर्यंत न्या, मग तिसाचे तीन संच. डाव्या बाजूनेही करा. हे सोपं झालं की एका पायावर पायरी हळू उतरण्याचा सराव, आरशात गुडघा बघत.

रोज पाच किलोमीटर नको. दिवसाआड पळा आणि दुखणं सुरू होण्याच्या बरंच अलीकडे थांबा, सध्या तीन-साडेतीनला. दुखलं की चालायला लागायचं, रेटायचं नाही. आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण या दुखण्यात रटाळ जॉगिंगपेक्षा जरा वेगात पळणं सोसतं. वेगात पाय टेकतो तेव्हा गुडघा जास्त वाकलेला असतो, तो चेपणारा कोन टळतो. म्हणून एक मिनिट चपळ, एक मिनिट चाल, असं करा. पावलंही आखूड टाका. मिनिटाची पावलं ५ ते १० टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे २०११ सालच्या संशोधनात मोजलेलं आहे. आज १६० पडत असतील तर १७० पुरे, एकदम १८० च्या मागे लागू नका.

रस्ता कुठला, हे मी प्रत्येकाला विचारते. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला कडेला ढाळ असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने पळतो, आणि मग संपूर्ण लाँग रनभर उजवा पाय खालच्या बाजूला पडतो. तुमचाही उजवाच आहे. सध्या मरीन ड्राइव्हचा सपाट फुटपाथ बरा. शिवाजी पार्कला नेहमी एकाच दिशेने फेऱ्या मारत असाल तर निम्म्या उलट मारा. पेडर रोड तूर्त बंद. चढ नव्हे, उतार त्रास देतो, पण चढलं की उतरावं लागतंच.

इंजेक्शनने ताज्या दुखण्यात पहिले दोन आठवडे आराम पडतो हे खरं आहे. खुबा मात्र तिथेच राहतो. रेससाठी म्हणून मी ते सुचवणार नाही. आणि रेसच्या सकाळी पेनकिलर घेऊन उभं राहणं तर मुळीच नको. मुंबईच्या दमटपणात घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

चेंबूर_नाका

पण सगळ्यांनी हे वाचून घरीच निदान करू नये. माझ्या भावाला बाहेरच्याच बाजूला दुखत होतं, तो महिनाभर आयटी बँड समजून व्यायाम करत राहिला. निघाली गुडघ्याच्या सांध्यातली गादी फाटलेली.

गिरगावची_फिजिओ

अगदी योग्य मुद्दा. गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, वळताना दगा देतो, मुरगळल्यानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सूज येते, नेमकं सांध्याच्या रेषेवर दाबलं की दुखतं: यातलं काहीही असेल तर फोरमवर विचारत बसू नका, दाखवा. तिथे एमआरआय कामाचा आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा हाडावर एका बिंदूत आणि चालतानाही दुखणं, हेही तपासून घ्यायचं. परळकर ताईंनाही सांगते, सहा आठवडे नीट व्यायाम करून काडीचा फरक पडला नाही, तर माझं निदान धरून बसू नका, कुणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घ्या.

जानेवारीचं विचारलं होतंत. स्पर्धा महिन्याच्या तिसऱ्या रविवारी असते, अजून वेळ आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सलग चौदा-पंधरा किलोमीटर न दुखता गेले आणि दादरचा पूल कठडा न धरता उतरता आला, तर उभ्या राहा. स्पर्धेत पेडर रोडच्या उतारावर पळणं सोडून चालायला लागलात तरी चालेल. तेवढं झालं नाही तर यंदाचा बिब, म्हणजे छातीवरचा स्पर्धेचा नंबर, सोडून द्या. तुमचा पळण्याचा काळ पुष्कळ आहे.

पहाटेची_परळकर

आमच्याकडे लिफ्ट आहे, पण आजपासून दुसऱ्या व्यायामासाठी जिन्यात उभी राहते. पायरी अरुंद आहे, टाच मागे लोंबते. चालेल का?

गिरगावची_फिजिओ

नाही. पूर्ण तळवा पायरीवर हवा. कठड्याकडे तोंड करून आडव्या उभ्या राहा आणि एका हाताने कठडा धरा.