टेबलच्या नावावरून क्लासचं नाव: एकवचन कसं काढता?

निळीशाई: जुन्या डेटाबेसमध्ये 140 टेबलं आहेत. नावं इंग्रजी, अनेकवचनी, स्नेक केसमध्ये (शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर): ऑर्डर_आयटम्स. त्यावरून पायथनच्या क्लासचं नाव हवंय: ऑर्डरआयटम. अट एकच, बाहेरची लायब्ररी चालणार नाही. काय सुचवाल?

रूळमास्तर: रेल्स (रूबी भाषेतली वेब-चौकट) वापरा. इन्फ्लेक्टर, म्हणजे एकवचन-अनेकवचन करणारा भाग, आयताच मिळतो. अपवाद एका फाइलीत टाकायचे. शेवटी लिहिलेला नियम आधी तपासला जातो, त्यामुळे तुमचाच वरचढ ठरतो.

अर्धविराम: प्रश्न पायथनचा आहे हो. 'इन्फ्लेक्शन' ही लायब्ररी घ्या, ते रेल्सच्याच नियमांचं पायथन रूप. 'इन्फ्लेक्ट' मात्र वेगळी. तिच्या सिंग्युलर_नाउन फंक्शनला आधीच एकवचनी शब्द दिला तर शब्दाऐवजी फॉल्स (पायथनचं 'खोटं') परत येतं. तपासलं नाही तर पुढे क्लासचं नाव फॉल्स!

टॅबखोर: +1 इन्फ्लेक्शन.

कंसातला: लायब्ररी नको म्हटलंय ना? शिवाय त्याही चुकतात. रेल्सच्या मूळ नियमांत लेन्सचं 'लेन' होतं, कॅनव्हासचं 'कॅनव्हा'.

स्वतः लिहायचं तर अंडरस्कोरवर तोडा आणि फक्त शेवटच्या तुकड्याचं एकवचन करा. सगळ्यांचं केलंत तर सेल्स_ऑर्डर्सचं सेलऑर्डर होईल. त्या तुकड्याला आधी अपवाद लावा (पीपल, चिल्ड्रन), मग न बदलणारे (न्यूज, सिरीज, स्टेटस). त्यानंतर शेवटच्या आयईएसचा वाय करा. इथे मूव्हीज आणि कुकीज फसतात, म्हणून तेही अपवादांत हवेत. शब्दाच्या शेवटी दोन एस असतील तर हात लावू नका, नाहीतर ॲड्रेस तुटतो. एकटा एस काढणं सगळ्यात शेवटी. दोन टेबलांचं एकच क्लासनाव झालं तर बिल्ड (प्रोग्राम तयार होण्याची प्रक्रिया) थांबवा.

रूळमास्तर: म्हणजे रेल्सच पुन्हा लिहायचं!

बहुभाषी: अनेकवचनासाठी सीएलडीआर (युनिकोडचा भाषानियमांचा संग्रह) बघा. अरबीला सहा प्रकार लागतात, एस जोडून भागत नाही.

अर्धविराम: ते '1 फाइल, 2 फाइली' अशा स्क्रीनवरच्या मजकुरासाठी. क्लासच्या नावाशी काय संबंध?

टॅबखोर: एपीआय, एचटीएमएल अशा लघुरूपांचं काय? एचटीएमएलपार्सर स्नेक केसमध्ये नेताना साध्या रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) प्रत्येक मोठ्या अक्षराआधी अंडरस्कोर येतो. नीट नेलं तरी परत आणताना लघुरूपाचं पहिलंच अक्षर मोठं राहतं. लघुरूपांची यादी लागतेच.

कंसातला: बरोबर. आणि ॲक्स, ॲक्सिस दोघांचं अनेकवचन एकाच स्पेलिंगचं. कुऱ्हाड की अक्ष, हे रेजेक्सला कळणार नाही.

निळीशाई: मग नियमच नकोत. 140 ओळींची डिक्शनरी हातानेच लिहितो: डावीकडे टेबल, उजवीकडे क्लास. टेबल यादीत नसेल तर बिल्ड थांबेल. दोन क्लासनावं सारखी निघाली तरी थांबेल.

अर्धविराम: निदान पहिला मसुदा इन्फ्लेक्शनने काढा. ती तुमच्या मशीनवरच राहील, प्रोजेक्टमध्ये फक्त तयार यादी जाईल.

निळीशाई: नको. तपासायला प्रत्येक ओळ वाचावीच लागणार, मग लिहितोच.

रूळमास्तर: 141वं टेबल आलं की बोलू.