मदत हवी आहे : १९८३ च्या चाळीत २०१० चा रुपया!

आम्ही सात-आठ हौशी मंडळींनी २० मिनिटांचा लघुपट शूट केलाय. २५ जून १९८३, वर्ल्ड कप फायनलची रात्र, गिरगावातली चाळ, एकाच घरी टीव्ही आणि दारात अख्खा मजला.

कच्चं संकलन बघायला बसलो आणि मीच माझा वैरी झालो. एरवी मालिकांमधली रिकामी सुटकेस मीच ओळखतो (हिरो दोन बोटांनी उचलतो हो!), म्हणून घरात कोणी माझ्याबरोबर टीव्ही बघत नाही. आता आमच्याच चहाच्या कपात थेंबभर चहा नाही. आजोबा रिकामा कप फुंकून पितायत. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर एमएच, जे १९८९ मध्ये आलं. वाण्याच्या पाटीवर ₹, ते २०१० चं. काकूंनी मोजलेल्या नोटांवर गांधीजी, आणि नोटांची ती मालिका १९९६ ची!

पाटी आणि प्लेट संकलनात धूसर करता येतील. नोटांचा क्लोजअप मात्र पुन्हा घ्यावा लागणार. तेव्हाच्या नोटा कुणाकडे आहेत का? दोन तासांसाठी हव्यात, मी स्वतः आणून देईन.

दुसरं म्हणजे, काकू दारात हिरव्या बांगड्यांत आणि आत आल्यावर मोकळ्या हातांनी. मध्ये टीव्हीचा किंवा गर्दीचा शॉट टाकला तर खपेल का? संकलन करणाऱ्यांनी सांगा. आणि कपात पाणी ओतलं तर वजन खरं वाटतं, की चहाच हवा?