कंपनीच्या नावाने सभासदत्व: वर्गणी भरून नक्की काय मिळतं?

आराखडा१२ (प्रश्न)
बारा जणांची वास्तुरचना कंपनी आहे. ऊर्जाबचतीच्या बांधकामाचा प्रसार करणाऱ्या एका ना-नफा संस्थेचं कॉर्पोरेट सभासदत्व घ्यायचं चाललंय. संस्थेचा भर पॅसिव्ह हाउस पद्धतीवर (हवाबंद, उष्णतारोधक बांधकाम करून अगदी कमी ऊर्जेत चालणारी इमारत) आहे आणि वर्गणी कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरते. एकाच माणसाने वैयक्तिक सभासदत्व घेतलं तर भागणार नाही का? संस्थेचा लोगो निविदेत वापरता येतो का? अर्जाआधी काय काय तपासून घ्यावं?

उष्णतापूल
लोगोचं आधी सांगतो, सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. सभासदत्व कंपनीचं असतं, प्रमाणपत्र इमारतीला मिळतं, परीक्षा माणूस देतो आणि घटक-प्रमाणपत्र खिडकीसारख्या वस्तूला असतं. वर्गणी भरून यातली फक्त पहिली गोष्ट हातात येते.

पॅसिव्ह हाउसमध्ये डिझायनरचं प्रमाणपत्र त्या व्यक्तीच्या नावावर असतं. पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि माणूस नोकरी सोडून गेला की तेही त्याच्याबरोबर जातं. म्हणून निविदेत 'आम्ही प्रमाणित कंपनी' असं लिहू नका. 'अमुक संस्थेचे सभासद' एवढंच लिहा, आणि प्रमाणित डिझायनर कोण ते वेगळ्या ओळीत द्या. लोगो वापरायचे नियम लेखी मागवून घ्या: कुठला रंग, कुठे लावायचा, इमारतीच्या फलकावर चालतो का (बहुतेक ठिकाणी नाही). सभासदत्व संपलं तरी लोगो लेटरहेडवर, ईमेलच्या सहीत, जुन्या सादरीकरणांत राहून जातो. तो कुठे कुठे लावलाय याची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा.

हिशेबवही
वैयक्तिक की कॉर्पोरेट, हे साध्या गणितावर ठरवा. समजा प्रशिक्षणावर २० टक्के सवलत आहे आणि वर्षाची वर्गणी दोन प्रशिक्षणांच्या फीएवढी आहे. मग निव्वळ सवलतीतून वर्गणी वसूल व्हायला वर्षाला दहा जागा भराव्या लागतील. बारा जणांच्या कंपनीतून दहा जण एका वर्षात? होणार नाही. तेव्हा सवलतीच्या भरवशावर कॉर्पोरेट घेऊ नका. तांत्रिक ग्रंथालय, कार्यगटात जागा, सभासदसूचीत नाव, यांतलं काय खरंच वापरणार आहात ते बघा. दोघंच वापरणार असतील तर दोन वैयक्तिक सभासदत्वं स्वस्त पडतील. फक्त सूचीत कंपनीचं नाव येणार नाही.

अर्जाच्या वेळी अडकतं ते असं:
- पावती ज्या नोंदणीकृत नावावर हवी तेच नाव अर्जात लिहा, पाटीवरचं नको. नंतर दुरुस्तीला महिना जातो.
- उपकंपनी किंवा दुसऱ्या शहरातली शाखा त्याच वर्गणीत धरतात का, ते विचारा. अनेक ठिकाणी धरत नाहीत.
- अर्धवेळ माणसं आणि प्रशिक्षणार्थी कर्मचारीसंख्येत मोजतात का? गटाच्या सीमेवर असाल तर एवढ्यानेच वर्गणी वरच्या गटात जाते.
- संपर्काला एका माणसाचा ईमेल देऊ नका, सामाईक पत्ता द्या. तो माणूस गेला की नूतनीकरणाची सूचना बंद पडलेल्या खात्यात जाते आणि सभासदत्व गुपचूप संपतं. उलटही होतं: आपोआप नूतनीकरणाची अट असली तर नको असलेल्या वर्षाचं बिल येतं.

वर्गणीच्या बदल्यात सेवा मिळते, म्हणून तिला परस्पर देणगी समजू नका. खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते लेखापालाला विचारा.

झरोका
वरच्या दोघांशी सहमत, पण संस्था कशी आहे हे कुणीच बघायला सांगितलं नाही. संस्थेची घटना आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद मागा. कॉर्पोरेट सभासदाला मत आहे की नुसतं नाव? उत्पन्नाचा मोठा वाटा प्रायोजकांकडून येतो का? कार्यकारिणीत फक्त इन्सुलेशन विकणारेच बसले असतील तर मार्गदर्शिकाही त्याच अंगाने लिहिली जाते. यात लबाडी असेलच असं नाही, पण वाचताना ते ठाऊक असलेलं बरं. ताळेबंद द्यायला खळखळ केली तर मी तरी वर्गणी भरणार नाही.

आराखडा१२
आभार. म्हणजे कॉर्पोरेट घ्यायचं तर ते वापरणारा माणूस आधी नेमायला हवा. एक उपप्रश्न: पहिल्या इमारतीसाठी ग्रंथालयातलं आधी काय वाचावं?

उष्णतापूल
हवाबंदपणा. बाकी चुका कागदावर दुरुस्त होतात, ही चूक भिंत बंद झाल्यावर दुरुस्त होत नाही. मर्यादा अशी: आत-बाहेर ५० पास्कल दाबफरक असताना तासाला ०.६ हवाबदल, म्हणजे तासाभरात आतल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा फटींतून जाता कामा नये. आतल्या हवेचं आकारमान ४५० घनमीटर असेल तर गळती तासाला २७० घनमीटरच्या आत हवी. चाचणी हवा आत ढकलून आणि बाहेर ओढून अशी दोन्ही बाजूंनी करायची आणि सरासरी काढायची.

पहिली चाचणी हवाबंद थर अजून उघडा असताना घ्या, म्हणजे गळती हाताला लागते आणि टेपने बंद करता येते. शेवटची काम पूर्ण झाल्यावर. गळती बहुधा खिडकीची चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात, नळाच्या छिद्रांभोवती आणि विजेच्या पाइपांत सापडते. पाइपाभोवती बाहेरून सील करतात आणि आतली पोकळी विसरतात. हवा मग वायरींच्या बाजूने सरळ बाहेर जाते. विटांच्या भिंतीत हवाबंद थराचं काम आतला गिलावा करतो, म्हणून तो खोट्या छताच्या वर आणि जिन्यामागेही पूर्ण करून घ्या. दिसत नाही म्हणून गवंडी नेमका तिथेच सोडतो.

झरोका
एक भर. आकारमान आतल्या मापांनीच मोजा. बाहेरच्या मापांनी मोजलं तर भागाकार मोठ्या आकड्याने होतो आणि ०.७ ची इमारत कागदावर ०.६ मध्ये बसलेली दिसते. प्रमाणपत्र देणारा हा हिशेब पुन्हा तपासतो, आणि तेव्हा भिंती रंगवून झालेल्या असतात.