शब्दचर्चा : खचदरी, खंडविदारण आणि गिरिजनन

प्रश्न

न्यू जर्सी राज्यातील वॉचुंग टेकड्यांच्या भूरचनेविषयी येथील मराठी मंडळींसाठी एक टिपण लिहीत आहे. त्यात ‘पर्वतनिर्मिती संपल्यावर येथे ज्वालामुखी फुटले आणि खचदरी तयार झाली’ असे वाक्य आले आहे. ‘रिफ्ट’साठी ‘खचदरी’ हा शब्द येथे योग्य ठरतो का, आणि ‘ऑरोजेनी’ला ‘पर्वतनिर्मिती’ म्हणावे की ‘गिरिजनन’, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

नर्मदा खचदरीतून वाहते हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असल्यामुळे ‘खचदरी’ हा शब्द मराठीत पक्का रुजला आहे, आणि त्याची घडण मला फार आवडते. भिंत खचते, रस्ता खचतो, तशी दोन प्रस्तरभंगांमधली (ज्यांच्या बाजू सरकतात अशा भूकवचातील भेगांमधली) जमीन खाली बसली की खचदरी होते. पूर्व आफ्रिकेत १८९३ मध्ये फिरून आलेल्या भूवैज्ञानिक जॉन वॉल्टर ग्रेगरी यांनी ‘रिफ्ट व्हॅली’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांनाही हाच अर्थ अभिप्रेत होता. मात्र हे एका भूरूपाचे नाव आहे. भूकवच ताणले जाऊन एक खंड दोन होण्याकडे जाणारी जी प्रदीर्घ क्रिया, तिला ‘खचदरी’ म्हटले की खाली बसणे तेवढे दिसते आणि फाटणे नजरेआड होते.

आपल्या विषयात ही अडचण अधिक जाणवते. वॉचुंग टेकड्या ज्या न्यूअर्क द्रोणीत, म्हणजे गाळाने भरलेल्या प्राचीन खळग्यात, आहेत, तेथे आज दरी नाही. ट्रायासिक काळात, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, भूकवच ताणले जाऊ लागले, जमीन खचू लागली आणि त्या खळग्यात कित्येक किलोमीटर जाडीचे तांबडे वालुकाश्म व शेल (चिखलाचा पातळ थरांचा खडक) साचले. पुढे लाव्ह्याचे थर त्यांवर पसरले, सगळे वायव्येकडे कलले, आणि नंतरच्या झिजेत मऊ तांबडा खडक वाहून गेला, तर कठीण बेसाल्ट मागे राहिला. खचलेल्या भूमीवर आज टेकड्या उभ्या आहेत त्या यामुळे. शिवाय द्रोणीच्या वायव्य कडेला रामापो हा एकच मोठा प्रस्तरभंग असून तळ त्याच्याकडे झुकलेला आहे, त्यामुळे दोन समांतर प्रस्तरभंगांची शालेय व्याख्याही येथे पुरती लागू पडत नाही.

म्हणून क्रियेसाठी मी ‘खंडविदारण’ हा शब्द सुचवतो. ‘हृदयविदारक’मुळे ‘विदारण’ म्हणजे फाडणे हे वाचकाला सांगावे लागत नाही; संस्कृतातील ज्या ‘दॄ’ धातूपासून तो आला, त्याच धातूशी ‘दरी’ या शब्दाचेही नाते आहे. क्रियेला ‘खंडविदारण’, आज दिसणाऱ्या दरीला ‘खचदरी’, आणि गाळाने भरून गेलेल्या प्राचीन खळग्याला ‘द्रोणी’ असा वापर केला, तर आपले टिपण वाचताना गोंधळ होणार नाही.

‘गिरिजनन’ आणि ‘पर्वतनिर्मिती’ यांत मात्र फरक करावा. ज्वालामुखीच्या राशीनेही पर्वत निर्माण होतो; गिरिजननात भूपट्टांच्या टकरीमुळे खडकांना वळ्या पडणे, थर एकमेकांवर चढणे आणि भूकवच जाड होणे या साऱ्याचा समावेश होतो. आफ्रिका आणि उत्तर अमेरिका यांच्या टकरीतून ॲपलेशियन पर्वताची अखेरची उभारणी झाली आणि पॅन्जिया हा महाखंड सांधला गेला. ती घडामोड सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी आटोपली. त्यानंतरचे खंडविदारण बव्हंशी त्याच जुन्या सांध्यांच्या आसपास झाले. रामापोची रेषादेखील गिरिजननाच्या काळातलीच असून ती नंतर नव्याने हलली. कापड जुन्या शिवणीवर उसवावे तसे हे आहे. भूवैज्ञानिक जॉन तुझो विल्सन यांनी १९६६ मध्ये अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला का, असा प्रश्न मांडला. त्यामुळे ‘पर्वतनिर्मिती संपल्यावर’ याऐवजी ‘गिरिजननोत्तर’ म्हणताना केवळ कालक्रम सांगून थांबू नये, आधीच्या सांध्याचा उल्लेख अवश्य करावा.

पुरवणी प्रश्न

आभारी आहे. ‘ज्वालामुखी फुटले’ हे तरी चालेल ना? सह्याद्रीप्रमाणे येथेही बेसाल्टच आहे.

प्रतिसाद

बेसाल्ट आहे, आणि दोन्हीकडे तो लांबलचक भेगांतून आला हेही खरे. ‘ज्वालामुखी’ म्हटले की शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याचे मुख डोळ्यांसमोर येते. म्हणून आपण दख्खनबद्दल ‘भेगीय उद्रेक’ म्हणतो, तेच येथे म्हणावे. काळ आणि कारणे मात्र वेगळी आहेत. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर न्यू जर्सीचा सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच उद्रेकाचे खडक मोरोक्को, पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्येही आढळतात, कारण तेव्हा हे प्रदेश एकमेकांना लागून होते. ट्रायासिकच्या अखेरीस झालेल्या जीवसृष्टीच्या महाविनाशाशी त्याचा संबंध जोडला जातो.

आपल्या वाक्यातला क्रमही बदलावा लागेल. न्यूअर्क द्रोणी खचू लागल्यावर जवळजवळ तीन कोटी वर्षे तेथे सरोवरे भरत आणि आटत राहिली, आणि लाव्हा त्यानंतर आला. ज्वालामुखी फुटल्यामुळे खंड दुभंगला, असा समज आपल्या वाक्यावरून होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पॅटरसन येथील पॅसेइक नदीचा सुमारे ७७ फुटांचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तो लाव्हा, म्हणजे भूपृष्ठावर येऊन थिजलेला रस आहे. हडसनच्या पश्चिम तीरावरचा पॅलिसेड्सचा कडा त्याच काळातला असला, तरी तो शिलारस गाळाच्या थरांमध्ये शिरून आतच गोठला. त्याची जाडी सुमारे ३०० मीटरपर्यंत भरते आणि खडक बेसाल्टपेक्षा जाड कणांचा, डोलेराइट आहे. त्याला ‘लाव्ह्याचा कडा’ म्हणू नये. ‘शिलापट्ट’ म्हणावे, आणि दोहोंना मिळून ‘अग्निज क्रिया’ म्हणता येईल.

वाक्य असे करून पाहावे : ‘गिरिजननाने सांधलेले खंड जुन्या सांध्यांजवळ पुन्हा ताणले जाऊ लागले, या खंडविदारणात न्यूअर्कची द्रोणी खचली, गाळाने भरत गेली, आणि बऱ्याच उशिरा तिच्यात भेगीय उद्रेक झाले.’ त्याला जोडून, समुद्र या द्रोणीत शिरला नाही आणि अटलांटिक तिच्या पूर्वेला उघडला, हेही लिहावे.