कॉपी-पेस्ट आणि बोलून लिहिणं

मोबाईल दिला की पोरं निबंध कॉपी-पेस्ट करतात अशी तक्रार असते, ती खरीच आहे, पण गूगल डॉक्स या लिहिण्याच्या ॲपच्या व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीत, निबंध हळूहळू वाढला की एकदम चिकटवला ते लगेच कळतं. मला जास्त मोलाचं वाटतं ते बोलून टाइप करणं, गूगलवर मराठीत २०१७ पासून आहे. माझ्या सातवीच्या वर्गात वहीत दोन ओळींवर अडणारी मुलं जत्रेबद्दल पानभर बोलतात, स्क्रीनवर मात्र सगळं सलग, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, मग प्रोजेक्टरवर लावून सगळे मिळून दुरुस्त करतो. एकीचं वाक्य आलं "आत्या म्हणाली आई पाळण्यात बसणार नाही", आता नक्की कोण बसणार नाही, आई की आत्या, यावरून वर्गात केवढा वाद झाला, शेवटी तिनेच उठून 'आई' या शब्दानंतर स्वल्पविराम दिला, म्हणजे आत्याच बसणार नव्हती.