आयर्लंडच्या खेड्यात जर्मन आडनावांची थडगी कशी काय?

तापीकाठ_शिरपूर
राम राम मंडळी. माझी लहान बहीण नर्स आहे, आयर्लंडात लिमरिक काउंटीत रॅथकील गावाजवळ एका नर्सिंग होमला लागलीय. सुट्टीला फिरते अन् फोटो टाकते. परवा बॅलिंग्रेन नावाच्या खेड्यातले टाकले, छोटंसं दगडी चर्च, अन् थडग्यांवर नावं कोणती तर स्विट्झर, टेस्की, रटल, बोव्हेनायझर. तिच्यासोबतच्या बाई म्हणाल्या हे इथले प्रोटेस्टंट. मला तर वाटायचं की आयर्लंडचा शेतकरी म्हणजे कॅथलिक अन् प्रोटेस्टंट म्हणजे इंग्रज जमीनदार. मग हे कोण? अन् आजूबाजूच्या खेड्यांत काही चर्च कुलूप लावलेली दिसली म्हणते, ती का बंद पडली? कोणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, तिलाही पाठवतो.

जुनी_बखर_जळगाव
भो, बहिणीला सांग ती एकदम मोक्याच्या जागी गेलीय. हे पॅलाटाईन लोक. जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या पॅलाटिनेट भागात फ्रेंच फौजांनी गावंच्या गावं जाळली, त्यात 1709 चा हिवाळा इतका कडक पडला की द्राक्षमळे गेले, मग हजारो लोक लंडनला येऊन तंबूत राहिले. त्यातले सुमारे 3000 आयर्लंडला पाठवले, बरेच परत गेले, पण साउथवेल नावाच्या जमीनदाराने रॅथकीलजवळ काही कुटुंबांना स्वस्त खंडाने जमीन दिली अन् ती टिकली. कोर्टमॅट्रिक्स, किलीहीन, बॅलिंग्रेन ही त्यांची गावं. म्हणजे कुळंच होती ती, मालक नव्हेत. आपल्याकडे लेवा पाटील, गुजर मंडळी बाहेरून आली असं सांगतात अन् पिढ्यांनी इथलीच होऊन गेली, तसंच समज.

पुढं मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) चळवळीचे जॉन वेस्ली स्वतः या खेड्यांत येऊन प्रवचनं करायचे. अन् मग 1760 च्या सुमारास करार संपले, खंड वाढला, तेव्हा बरीच घरं अमेरिकेला निघाली. त्यात बॅलिंग्रेनचे फिलिप एम्बरी अन् बार्बरा हेक होते. न्यूयॉर्कला गेल्यावर बार्बराबाईंनी एम्बरींच्या मागेच लागून 1766 मध्ये त्यांना प्रवचन द्यायला लावलं अन् तिथून अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चची सुरुवात धरतात. एवढ्याशा खेड्यातून! रॅथकीलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात त्यांचं म्युझियम आहे, उघडण्याच्या वेळा आधी बघून जा म्हणावं.

भुसावळ_लाईन
कुलपांबद्दल सांगतो. ती बहुतेक चर्च ऑफ आयर्लंडची असतील, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्याच पंथाची. 1869 च्या कायद्यानं त्याचा सरकारी धर्माचा दर्जा गेला, 1871 पासून अंमल. तरी खरी गळती नंतरची. दक्षिणेच्या 26 काउंट्यांत, म्हणजे पुढे स्वतंत्र झालेल्या आयर्लंडात, 1911 ला प्रोटेस्टंट साधारण 10 टक्के होते, 1926 ला 7 च्या आसपास. ब्रिटिश फौजा अन् अधिकारी गेले, पहिल्या महायुद्धात पोरं गेली, 1920-23 च्या स्वातंत्र्ययुद्ध अन् यादवीच्या धामधुमीत काहींची घरं जळाली, काही भीतीनं निघून गेले. त्यात मिश्र लग्न झालं की मुलं कॅथलिकच वाढवायची अशी हमी कॅथलिक चर्च मागायचं, म्हणजे पुढची पिढी आपोआप कमी. वेक्सफर्डमध्ये फेथर्ड-ऑन-सी गावात 1957 ला अशाच एका घरच्या वादावरून प्रोटेस्टंट दुकानांवर बहिष्कार पडला होता, तो चुकीचा आहे हे खुद्द पंतप्रधान डी व्हॅलेरांनी संसदेत सांगितलं. मला हा माणूस त्यासाठी आवडतो.

रविवारी पाच-सहा म्हातारी माणसं येणार, अन् छत गळतंय, दुरुस्तीला पैसा लागतो, तो आणायचा कुठून, मग चर्च बंद.

साक्री_रोड
वर सगळं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण लिहा ना. गरीब कॅथलिक शेतकरी ज्या चर्चमध्ये पाऊलही टाकत नव्हता त्या चर्चला दशमांश, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर, भरायचा, म्हणून 1830 च्या दशकात रक्तपात झाला. गावातल्या लोकांना त्या दगडी चर्चबद्दल लगेच प्रेम वाटलं नाही तर आश्चर्य काय. पण हेही खरं की प्रेस्बिटेरियनांनाही (प्रोटेस्टंटांतलाच वेगळा पंथ) अठराव्या शतकात पूर्ण हक्क नव्हते, सगळ्या प्रोटेस्टंटांना एका टोपलीत टाकू नका.

नवापूरची_मेरी
मी नवापूर भागातली ख्रिस्ती आहे म्हणून वाचताना जास्तच जवळचं वाटलं. आमच्याकडे मिशन स्कँडिनेव्हियन लोकांचं आलं, पण सीमेपलीकडे सुरत, आणंद, बोरसदकडे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन होतं, 1841 पासून गुजरातेत. 1970 ला ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रित चर्चमध्ये, आलं. अन् भगिनी निवेदिता माहीत आहेत ना सगळ्यांना, त्या पण उत्तर आयर्लंडच्या डंगॅननच्या, पाद्र्याच्या घरातल्या.

ताई, बहिणीला एक सांगा, थडग्यावरची अक्षरं वाचायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड अजिबात नको, दगडाचा वरचा थर निघून जातो. संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा फोटो काढा, नाहीतर मोबाईलचा टॉर्च बाजूनं धरा, पुसट अक्षरंही उठून दिसतात.

तापीकाठ_शिरपूर
मी भाऊ आहे, ताई नाही, पण धन्यवाद सगळ्यांचे. एक अजून, तिथल्या एका आजोबांना त्यांच्या पणजोबांची नोंद हवीय, चर्चच्या वह्या कुठे मिळतील?

भुसावळ_लाईन
अवघड आहे. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात सरकारी दफ्तरखाना जळाला, त्यात शेकडो पॅरिशच्या (एकेका चर्चच्या हद्दीच्या) वह्या गेल्या. ज्या गावांनी वह्या चर्चमध्येच ठेवल्या होत्या त्या वाचल्या, आता बऱ्याच डब्लिनला चर्च ऑफ आयर्लंडच्या रिप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी लायब्ररीत आहेत. आधी तिथे गावाचं नाव टाकून बघा. कुटुंब मेथडिस्ट असेल तर त्यांच्या नोंदी वेगळ्या, पण सुरुवातीच्या काळात बाप्तिस्मा, लग्न चर्च ऑफ आयर्लंडमध्येच व्हायचं, म्हणून दोन्हीकडे शोधावं लागेल.